मंडईचा पाव्हना

मंडईच्या दिवशी सिहोरा-बपेरा रस्त्यावर स्कूटी काढायची म्हणजे डोकेदुखी विकत घ्यायची! दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. घराघरात पाव्हने, रात्रीला नाटक, आणि लग्नाच्या पोरापोरींवर साऱ्या गावाची नजर. त्या दिवशी आमच्या बपेऱ्याची मंडई होती. मी हॉर्न वाजवून वाजवून वैतागले होते आणि सकाळपासून मनाला घोर लागला होता तो वेगळाच.

कारण सोमवारी नागपूरच्या ट्रस्टचा माणूस यायचा होता. या ट्रस्टच्या अनुदानावर मी सिहोऱ्याच्या केंद्रात गावोगावच्या बायकांना शिकवते. जिची झोप उडाली आहे, जिला जीव नकोसा झाला आहे, तिच्याजवळ बसायचं कसं, ऐकायचं कसं, आणि डॉक्टरकडे न्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं. मनाचा डॉक्टर आम्हाला भंडाऱ्याशिवाय नाही. तिथं जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि वर गाव म्हणतं, पागल झाली वाटते. म्हणून या बायका, आमच्या 'मनसख्या'. त्यांचं प्रशिक्षण अर्ध्यावर आलं होतं. अनुदान बंद झालं तर त्या अर्धवट शिकूनच घरी जाणार, आणि त्यांच्याजवळ रडायला लागलेल्या बायका पुन्हा एकट्या पडणार. या विचारानं माझीच झोप उडाली होती. शिकवणारी मीच, आणि ओढणीचं टोक चावत बसणारीही मीच!

तर बपेऱ्याच्या अलीकडे एक बस थांबलेली दिसली. माणसं दारातून लोंबकळत होती. त्यातून एकजण कसाबसा उतरला आणि धानाच्या पुंजण्याला, कापून रचलेल्या ढिगाला, टेकून खालीच बसला. छातीवर हात, चेहरा पांढरा. बस निघूनही गेली.

मी स्कूटी उभी केली. "काय होतंय?"

"श्वास... येत नाही. गर्दी होती... मी बहुतेक मरतोय."

"असं आधी कधी झालंय?"

त्यानं मान हलवली. "डॉक्टर म्हणतात... हृदय ठणठणीत आहे."

"मग मरत नाही तुम्ही. चपला काढा, पाय मातीला टेकवा."

"बूट आहेत," तो म्हणाला.

जीव चाललाय म्हणतो आणि वर माझी चूक काढतो! "बरं, बूट काढा. आता ही वाळलेली तणीस हातात घ्या. चोळा. कशी लागते?"

"खरखरीत..."

"वास?"

"धानाचा." त्यानं डोळे मिटले. "घरचा... वास आहे."

मी बाजूला बसून राहिले. त्याचा श्वास हळूहळू लांब होत गेला. मग त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं — आणि मी उगाचच स्कूटीच्या आरशाकडे पाहिलं. डोळे चांगले होते. उगाच खोटं कशाला बोलू?

"कोणाला सांगू नका," तो म्हणाला. "ऑफिसात कुणाला माहीत नाही."

"इथलं इथंच राहतं. माझा नियमच आहे तो."

"डॉक्टर आहात?"

"नाही हो. तृप्ती. सिहोऱ्याच्या केंद्रात मनसख्यांना शिकवते."

तो बूट घालायचा थांबला. "मी सुगत. ट्रस्टकडून... तुमचंच काम बघायला आलोय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "पण तुम्ही सोमवारी..."

"सोमवारी तुम्ही तयारी करून ठेवली असती. मला न सांगता बघायचं होतं."

बरोबर मंडईच्या दिवशी! शहाणाच म्हणायचा! पण करते काय? त्याला स्कूटीवर मागं बसवलं आणि गावात शिरले. आता विचार करा, लग्नाची पोरगी भर मंडईत एका देखण्या पोराला मागं बसवून आणते... पण तेव्हा माझ्या डोक्यात अनुदानाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

त्यानं सांगितलं, मुलाखती घेताना मी समोर नको, आणि तो ट्रस्टचा आहे हेही कुणाला सांगायचं नाही. ठीक आहे. मी पारावर बसून राहिले. तो गोदावरीबाईंच्या घरात शिरला. गोदावरीबाई माझ्या मनसख्यांतल्या सगळ्यात पहिल्या. नवरा गेल्यावर अख्खा पावसाळा त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या, जेवण सोडलं होतं. आज त्या दुसऱ्यांच्या खाटेशी जाऊन बसतात. त्या बोलल्या की झालं, माझ्या मनात आलं. मग तो दुसऱ्या घरात गेला, तिसऱ्या घरात गेला. सगळीकडून ताटं आत जाताना दिसत होती, हसणं ऐकू येत होतं. माझा जीव टांगणीला.

तो बाहेर आला तेव्हा हातात करंजी होती आणि कपाळावर आठ्या.

"काय झालं?"

"सगळ्या म्हणतात, इथं कुणालाच काही त्रास नाही. सारं गाव खुशीत आहे. झोप छान लागते, कुणी उदास नाही, कुणी कधी उदास नव्हतंच."

"गोदावरीबाईसुद्धा?"

"त्या म्हणाल्या, आयुष्यात डोळ्यातून पाणी काढलं नाही." त्यानं करंजीकडे पाहिलं. "तृप्तीताई, मला जे ऐकायला मिळालं तेच लिहावं लागेल. आणि त्रासच नसेल तर ट्रस्ट प्रशिक्षणाला पैसे का देईल?"

संध्याकाळच्या आधीच त्याला परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा बघून बसवलं. कंडक्टरला म्हटलं, यांच्या अंगावर गर्दी येऊ देऊ नका. बस हलली तरी तो खिडकीतून बघतच होता. आणि मी सरळ गोदावरीबाईंच्या अंगणात गेले.

"कायले खोटं बोलल्या वो तुम्ही? माहं सारं काम बुडवलं!"

गोदावरीबाई पदरानं हात पुसत हसल्या. "अवो, पाव्हन्यासमोर कोणी घरचं रडगाणं गाते का? पोट्टा भल्ला चांगला हाय. मी सांगतलं त्याले, आमच्या गावात कोणाले काही तरास नाही, अन् आमची तृप्ती तर लाखात एक. तिच्या हातचा रस्सा खाऊन पाहा, म्हटलं."

"कोणता पाव्हना? कायचा पोट्टा?"

"तुले पाहाले आला तो! मंडईत आनखी कायले येते कोणी?"

मी कपाळाला हात लावून तिथंच ओट्यावर बसले. अगं आई गं! साऱ्या गावानं त्याला स्थळ समजून सुखाचं नाटक केलं होतं. पोरीला देताना गावात दुःख असलेलं बरं दिसत नाही ना! गोदावरीबाईंना खरं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मंग आता काय होईन वो?" त्या म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला. सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"त्या बायकांना वाटलं... तुम्ही म्हणजे... स्थळ."

पलीकडून हळूच, "कुणाचं?"

"माझं! आणखी कुणाचं!"

"अच्छा..." तो हसतोय की खोकतोय ते कळेना. "मग? पास झालो का?"

"गावाच्या परीक्षेत पहिले आलात. माझं केंद्र मात्र नापास केलंत."

"तुमच्या परीक्षेत?"

"मी पेपर काढलाच नाही," म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग अर्धा तास त्या एका वाक्यावरून स्वतःला बोलत बसले.

पण फोन येतच राहिले. कामाचेच, असं तो म्हणायचा. बायका किती लांबून येतात? भंडाऱ्याला किती जणींना नेलं? आणि मग, जेवलीस का? तू जेवलीस का, असं ट्रस्टनं कधीपासून विचारायला सुरुवात केली? मी विचारलं तर म्हणाला, "ट्रस्ट नाही, मी विचारतो." तो मूळचा आमच्याच भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचा निघाला. इतके दिवस पुस्तकासारखं बोलत होता, आणि एकदा फोनवर मी शिंकले तर पटकन म्हणाला, "काहून वो, सर्दी झाली का? मले घोर लागते ना." तो 'मले' ऐकला आणि माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

तेच तर अवघड झालं होतं. पुन्हा मुलाखती घ्यायला ट्रस्टच्या समितीनं नकार दिला होता, अनुदानाची बैठक तोंडावर आली होती. त्याचा अहवाल मंडईच्या रात्रीच गेला होता — कुणालाच त्रास नाही, असा. माझ्याजवळ एकच पुरावा होता. पुंजण्याला टेकून बसलेला, श्वास न येणारा माणूस. आमचं काम काय असतं ते त्याच्याएवढं कुणाला कळलं होतं? पण ते मी कधीच बोलणार नव्हते. अनुदान गेलं तरी नाही. ज्या दिवशी आतलं बाहेर काढीन, त्या दिवशी कुठली बाई कुठल्या मनसखीजवळ बोलेल?

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात त्याचे फोन बंद झाले. मी केला तर उचलेना. झालं! काय काय मनात आलं म्हणून सांगू... दुसरी कुणी आहे, घरी लग्न ठरलं, की माझ्यामुळे नोकरीवर आलं? भाकरी करपली तरी कळेना. माझी आई, विमलाबाई, तवा उतरवत म्हणाली, "दुसऱ्याचं मन सांभाळते, स्वतःचं काहून नाही सांभाळत?" मी करपलेली भाकरी माझ्याच ताटात घेतली.

बैठक लॅपटॉपवर होती. मी केंद्रात बसले, माझ्यामागं साऱ्या मनसख्या दाटीवाटीनं. पडद्यावर समितीच्या अध्यक्षबाई आणि एका चौकोनात सुगत. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघतही नव्हता.

अध्यक्षबाई गोड होत्या पण स्पष्ट. "अहवालात तर कुणालाच गरज दिसत नाही. मग हे प्रशिक्षण आपण दुसऱ्या तालुक्यात का नेऊ नये?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुगत म्हणाला, "मॅडम, माझा अहवाल बाजूला ठेवा. तो चुकीचा आहे. मंडई होती, त्या बायकांनी मला लग्नाचा पाव्हना समजून सुखाचं सांगितलं. आणि मी निष्पक्ष नाही. दोन कारणं आहेत."

मनसख्या लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकल्या.

"पहिलं. मला गर्दीत धाप लागते, छाती बंद होते, वाटतं मरतो. कित्येक वर्षं मी हे लपवलं. त्या दिवशी रस्त्यावर तृप्तीताईंनी मला सावरलं, आणि इतके दिवस त्यांनी एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. केंद्र हातचं चाललं होतं तरी नाही. मी हा आठवडाभर घरात बसून हे बोलायची हिंमत गोळा करत होतो. नोकरी राहील की नाही ते तुम्ही ठरवा."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लाज वाटली नाही मला.

"आणि दुसरं कारण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते..." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते जिच्याबद्दल आहे तिला अजून सांगितलं नाही. आधी तिला सांगतो."

साऱ्या मनसख्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं! पण मला वाचवलं ते गोदावरीबाईंनी. त्या मला बाजूला सारून लॅपटॉपपुढं आल्या.

"साहेबानं सांगतलं, मंग मलेबी लाज कायची? बाई, मी खोटं बोलली होती. माहा धनी गेला तवा मी खाट धरली. तळ्यात जीव द्याले निघाली होती. ही पोरगी रोज येऊन बसे. बोलत नव्हती, नुसती बसे. आता मी गावाबाहेरच्या टोलीवर जातो, तिथं एक पोट्टी हाय, लेकरू झाल्यापासून रडून राहिली. आमचं शिकनं अर्ध्यात नोका तोडू. तिले कोन पाहीन?"

मग दुसरी बोलली. मग तिसरी. कुणाला थांबवावं लागलं, कुणाला पाणी द्यावं लागलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला होता.

सुगतला त्या कामावरून काढलं, नोकरी मात्र राहिली. ट्रस्टच्या दुसऱ्या एक ताई आल्या, मंडईचा हंगाम संपल्यावर, आणि बायकांच्या ओट्यांवर बसून गेल्या. संक्रांतीच्या आधी पत्र आलं. प्रशिक्षण पूर्ण करा, पुढची तुकडीही घ्या. साऱ्याजणी केंद्रात नाचल्या. मीही नाचले, पण मन दारात होतं. कारण तो आला नव्हता. निर्णय होईपर्यंत भेटणार नाही, फोनही नाही, असं त्यानंच ठरवलं होतं. योग्यच होतं ते. पण योग्य असलं म्हणून सोपं थोडंच असतं?

पत्राच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या दारात सावली पडली. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले.

"बसनं आलो," तो म्हणाला. "भरलेली होती. छाती धडधडली... पण आलो."

"गर्दीनं धडधडली?"

"तुमसरपर्यंत गर्दीनं. पुढं... दुसऱ्या कारणानं."

"मग सांगा ना आता ते कारण! मी ऐकायला शिकवते, पण माझ्यात तेवढा धीर नाही."

तो हसला नाही. हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभा राहिला. "तृप्ती... मले तू आवडते. लय आवडते. तू जवळ बसली की मले श्वास येते, अन् तू दिसली की तोच अडकते. मी असाच हाय. कधी बरा, कधी घाबरलेला. चालन का तुले?"

मी किती दिवस उत्तर घोकून ठेवलं होतं! सगळं विसरले. जे होतं तेच तोंडातून निघालं.

"मले भेव वाटते, सुगत. तू फोन नाही केला तरी वाटते, अन् समोर उभा राहिला तरी वाटते. मी साऱ्याईले धीर देतो, मले कोन देईन?"

"मी देतो म्हनलं तर खोटं होईन," तो म्हणाला. "मलेच भेव वाटते."

मी त्याची अडकलेली बोटं सोडवली आणि माझ्या हातात घेतली.

"मंग चाल," म्हटलं, "दोघं मिळून भेऊ."