बोटभर खिडकी

मिस्त्रीची बायको खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "नवरा कोठडीत आहे. ज्यानं हे केलं त्याला माझ्यासमोर उभं करा. बाकी मला काही नको."

टाचणीबाईंनी चष्मा पुसला. अंगानं बारीक आणि नजरेनं टोकदार अशा या खाजगी गुप्तहेर बाईंचं खरं नाव त्यांच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक नसे. शेजारी त्यांचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मफलरीत मान खुपसून बसले होते. निवृत्त झाल्यापासून ते मेव्हणीच्या मदतीला येत. मदत कमी आणि कुरकुर जास्त, पण माणूस मनानं चांगला.

मिस्त्रीचा धंदा घरोघरी कोळशाच्या शेगड्या बसवण्याचा. त्यानं बसवलेल्या शेगडीच्या खोलीत मंगळवारी दुपारी एक म्हातारे घरमालक झोपेतच गेले, विषारी वायूनं. शेगडीला दोन नळ्या होत्या. एक धूर छपरावर नेणारी, दुसरी मागच्या भिंतीतून ताजी हवा आत आणणारी. ही दुसरी नळी पक्ष्याच्या घरट्यानं गच्च बुजलेली सापडली. मिस्त्रीनं तोंडाला जाळीच बसवली नव्हती, असं फौजदारांचं म्हणणं.

"जाळी बसवल्याशिवाय तो घरी जेवायला यायचा नाही," बायको म्हणाली. "चार स्क्रू पुरतात तिथं पाच मारतो. त्यावरून मी किती बोलले असेन त्याला."

तासाभरात टाचणीबाई त्या घराच्या मागच्या भिंतीपाशी वाकल्या होत्या. नळीच्या तोंडाभोवतीच्या लोखंडी पट्टीला स्क्रूची भोकं होती. त्यांनी ती दोनदा मोजली. पाच. भोकांच्या आतलं लोखंड लखलखीत होतं, गंजाचा ठिपका नाही. फौजदारांनी पिशवीत ठेवलेलं घरटंही त्यांनी पाहिलं. काड्या धुतल्यासारख्या स्वच्छ.

"शेगडी कधी बसवली?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने झाले. थंडी पडल्यावर," भाऊजी नाक ओढत म्हणाले. "आता आत चल बाई, इथं माझे कान गळून पडतील."

म्हाताऱ्यांच्या खोलीत शेगडीच्या दारासमोर फरशीवर काजळी सांडली होती. तिचा पुसट पट्टा थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. भाऊजींनी तो बुटानं पुसायला घेतला तेव्हा टाचणीबाईंनी त्यांचा कोपर धरला.

स्वयंपाकघरात स्वयंपाकीणबाई भेटल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आठ महिन्यांपासून कामाला. खिडकी बोटभर उघडी होती आणि नेमकी भाऊजींच्या मानेवर हवा येत होती. त्यांनी ती लावून घेतली. बाईंनी उठून पुन्हा बोटभर उघडली.

"शेगडी पेटलेली असली की मी खिडकी लावत नाही," त्या म्हणाल्या. "कितीही थंडी असो."

मंगळवारचं त्यांनी सरळ सांगितलं. मालकांचं पोट बिघडलेलं, म्हणून काहीच शिजवलं नव्हतं. मालक बाराला आडवे झाले, त्या बाजारात गेल्या. चारला परत येऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या, अंग गार लागलं, तशा किंचाळल्या. स्वयंपाकघरात तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

म्हाताऱ्यांचा पुतण्या बँकेत रोखपाल. मंगळवारी साडेचारपर्यंत तो तिथंच होता, हे फौजदारांनी तपासलं होतं. बातमी कळताच धावत येऊन त्यानं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी तर बुक्की मारून काढावी लागली, असं तो म्हणाला. काकांबद्दल विचारल्यावर तो खाली बघायला लागला. काका कोळशाच्या बाबतीत फार चिक्कू. पूर्वी त्यांच्या दुसरीकडे भाड्याच्या खोल्या होत्या, भाड्यातच कोळसा द्यावा लागे. भाडेकरू फार जाळतात, ऊब आतच राहावी म्हणून काकांनी हवेचे झरोके विटांनी बुजवले. एका खोलीत एक तरुण मुलगी तान्ह्या बाळासकट गेली. चौकशीत काकांनी सांगितलं, तिनंच थंडी वाजते म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या. या घरात हवेची नळी आली तीसुद्धा यंदा नियम निघाला म्हणून.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू छापखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. त्याचा राग वेगळाच होता. "त्या स्वयंपाकघरातल्या धूर ओढायच्या पंख्यानं डोकं उठवलं. बारा ते चार नुसती घरघर. थांबला, म्हटलं आता डोळा लागेल, तोच खाली बाई किंचाळल्या."

संध्याकाळच्या आत टाचणीबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात जमवलं. फौजदार होते, मिस्त्रीची बायकोही होती.

"जाळी होती," त्यांनी सुरुवात केली. "पाच भोकं आहेत आणि पाच स्क्रू मारणारा मिस्त्री एकच. ती नुकतीच काढली आहे. घरटं दुसरीकडून आणून कोंबलंय. ऐन थंडीत कुठला पक्षी घरटं बांधतो? आणि दोन महिने रस्त्याची धूळ ओढणाऱ्या नळीत काड्या इतक्या स्वच्छ कशा?"

"म्हणजे नळी बुजवून मारलं," भाऊजी म्हणाले.

"नुसत्या नळीनं भागलं नसतं, भाऊजी. धूर वर जातच राहिला असता. पण हा पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. नळी बंद, खिडक्या बंद. मग ती धुराच्या नळीतूनच उलटी खाली येते, विषासकट. काजळीचा पट्टा पंख्याच्या दिशेनं गेलाय तो त्यामुळे."

भाऊजींनी मफलर सैल केली.

"त्या दिवशी काही शिजलंच नव्हतं, तरी पंखा चार तास चालू होता. तो थांबला आणि मग किंकाळी आली. पुतण्या बँकेत होता. तेव्हा खाली होत्या फक्त या बाई, ज्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं म्हणे. आणि कधीही न लागणारी ही खिडकी नेमकी मंगळवारी घट्ट लावलेली." टाचणीबाई स्वयंपाकीणबाईंकडे वळल्या. आवाज खाली आला. "ही बोटभर खिडकीची सवय उगाच लागत नाही. ती मुलगी तुमची कोण?"

बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

"लेक," बाई म्हणाल्या. "बाळ चार महिन्यांचं होतं. अठरा वर्षं लोक म्हणतात, तिनंच चिंध्या कोंबून बाळाला मारलं. मी या घरात भांडी घासायला आले नव्हते."

"आणि आता लोक म्हणतात, मिस्त्रीनं मारलं," टाचणीबाई म्हणाल्या. "ज्याचा दोष नाही त्याच्या माथी. तुमच्या लेकीसारखंच."

त्या एका वाक्यानं बाई खाली बसल्या. त्यांना पुरावा पटवून द्यायची गरजच उरली नाही. फौजदारांना म्हणाल्या, लिहून घ्या, मिस्त्रीला आज सोडा.

मिस्त्रीची बायको पुढे झाली. दोन दिवस जिभेवर धार लावून ठेवलेलं सगळं तिला बोलायचं होतं. बाईंनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"तुझा नवरा चोख काम करतो. पाचवा स्क्रू काढताना माझी दोन नखं तुटली." मग त्या सगळ्यांनाच उद्देशून म्हणाल्या, "मंगळवारी तो आडवा झाल्यावर मी त्याला पोरीचं नाव सांगितलं. कोणत्या खोलीत राहायची तेही सांगितलं. म्हटलं, कळून मरू दे. तो म्हणाला, कोण? आणि कुशीवर वळून झोपला."

मिस्त्रीची बायको बाजूला सरली आणि तिनं बाईंना वाट दिली. फौजदार बाईंना घेऊन निघाले. गार वारा येत होता, म्हणून भाऊजींचा हात सवयीनं खिडकीकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला.