एकाच कपाटाची माळ

"अवो, सरका ना जरा..." म्हणत कालिंदी जिन्यावर त्याच्या अंगावरच आदळली, आणि त्याच्या हातातली बॅटरी गडगडत खाली गेली.

दिवाळीची सुट्टी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची इमारत बंद. सकाळी वॉचमन वसरामकाकांचा फोन आला, "ताई, लाईटवाले साहेब आलेत. बंद इमारतीत एवढी वीज कोण खाऊन राहिलं म्हणून एकेक मजला बंद करून राहिले." झालं. कुरुंद्याहून वसमतला येईपर्यंत एसटीत पोरीचा जीव नुसता टांगणीला. तिसऱ्या मजल्यावरच्या गार कपाटात, काचेच्या बाटल्यांत, तिची हळदीची रोपं होती. दोन वर्षांची मेहनत. कपाट बंद पडलं की सगळी नासणार. आणि 'बंद करू नये' ही चिठ्ठी? ती घाईत पर्समध्येच राहिलेली. काय म्हणावं या पोरीला.

समोर तोच लाईटवाला साहेब, रुद्र होता. महिनाभर मीटर तपासत फिरणारा, ती दिसली की लगबगीनं वाट देणारा. आज नेमका मध्ये उभा.

"तिसरा मजला... चालू हाय ना?"

"न्हाई. मघाशीच बंद केला."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती पायरीवर मटकन बसली.

"रडता काहून? एक कपाट सोडलंय."

"कोणतं?"

"माळवालं."

तिचा विश्वासच बसेना. ती अंधारात धडपडत वर पळाली. दार ढकललं... सगळं काळंकुट्ट, आणि कोपऱ्यात एकच कपाट घुरघुरत होतं. आत रोपं हिरवीगार. दाराला दसऱ्याची झेंडूची माळ, पार वाळलेली.

"दसऱ्याला कुंकू तुमी सगळ्याच मशिनींना लावलं," तो मागून म्हणाला. "माळ एकालाच. म्हटलं, हिचा जीव यात हाय. बंद करायला हात न्हाई धजला."

"तुमी कुठून पाहिलं?"

"दारातून..." त्याचे कान लाल झाले. "मीटर बघायला आलो होतो. आकडा एकबी ध्यानात न्हाई राहिला."

ती डोळे पुसता पुसता हसली. मग पुन्हा घाबरली. "सुट्टीत लाईट गेली तर?"

"मी येऊन बघत जाईन रोज. तुमी... येणार का?"

"उद्या येते. ताज्या माळा घेऊन."

"माळा? कपाट तर एकच हाय."

कालिंदीनं वाळकी माळ हळूच उतरवली. मान काही वर होईना.

"ज्याच्यात जीव हाय, त्यालाच माळ घालते मी. तुमीच सांगितलं ना आत्ता."