फुलपाखरं हाकलणारी

“मे महिना संपायच्या आत येतील. चांगली थव्यानं येतील,” नुन्झिओमामा म्हणाला आणि केपरच्या झुडपांवरून खुडलेल्या कळ्यांची टोपली धपकन बांधावर ठेवली.

“काही येत नाहीत,” मी म्हणाले. “लागली पैज?”

फुलपाखरांशी ना त्याला देणंघेणं, ना मला. पण पहाटेपासून वाकून वाकून कळ्या खुडल्या की माणसाला काहीतरी चाळा लागतो. शेजारची अगाताकाकू पंच झाली. हरेल त्यानं निकालानंतरच्या शनिवारी, त्रापानी बंदराकडे जाणारी बोट सुटताना, अख्ख्या गावादेखत मामाच्या गाढवावर उलटं बसायचं आणि धक्क्यापासून चर्चच्या दारापर्यंत जायचं. गाढवाचं नाव बिशप. आमच्या पाद्रीबाबांना ते नाव अजिबात खपत नसे. कुणी ठेवलं होतं... जाऊ दे.

मी तेव्हा तेवीसची. बेटावरचा एकही माणूस माझ्या खोड्यांतून सुटलेला नव्हता.

आमची पैज लागते न लागते तोच पायवाटेनं तो आला. उन्हानं नाक सोललेलं, गळ्यात दुर्बीण, मुठीत खट्-खट् करणारं मोजायचं यंत्र. इलारियो. पार उत्तरेकडचा, डोंगरातला.

“माझ्यावर पैज लावताय?”

“तुझ्यावर कोण लावतंय? तुझ्या फुलपाखरांवर.”

“मग तू हरलीस. तिकडे आफ्रिकेत रान वाळलं की ती निघतात. दक्षिणेचा सिरोक्को वारा सुटला की थेट इथे.”

“तुला चिठ्ठी आलेली दिसतेय त्यांची.”

तो हसला. पुढचे दोन दात किंचित वाकडे... मला तिथल्या तिथे आवडले. पण मी कशाला सांगतेय त्याला!

त्याचं काम काय, तर आमच्या दक्षिणेच्या बांधावर पंधरा पावलांवर दोन काठ्या रोवायच्या आणि त्यांच्यामधून किती फुलपाखरं जातात ते मोजायचं. दिवसभर. तीन वसंत तो असाच कुठल्या कुठल्या किनाऱ्यावर उभा राहिला होता. समुद्रावरून पहिला लोंढा जमिनीवर येतो, ती घटका एकदाही त्याच्या वाट्याला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मासे धरायच्या काठीला दोरा बांधला, त्याला चॉकलेटचा नारंगी कागद, आणि बांधाआड बसून त्याच्या काठ्यांमधून फरफर उडवला. खट्. खट्. अकरा खटके झाले आणि मला शिंक आली.

तो बांधावरून वाकला. “किती वेळ बसली आहेस?”

“अकरा फुलपाखरं.”

त्यानं वही काढली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. ‘अकरा – झीटा.’

“खोड की,” मी म्हणाले.

“नाही खोडणार.”

...नाही खोडलं त्यानं.

मग रोज दुपारी मी भाकरी-टोमॅटो घेऊन जायला लागले. अगाताकाकू हाक मारायची, “अगं, तो फुलपाखरं मोजतोय, तू काय मोजतेस?” “त्याच्या नाकावरचे ठिपके!” मी ओरडायचे. सगळं बेट हसायचं. तोही.

एकदा मी सहज विचारलं, “आली की काय करशील?”

“एक दिवस मोजीन. मग पहिली बोट. त्यांच्याआधी आल्प्सच्या खिंडीत पोचायला हवं.”

“आणि नाही आली तर?”

माझ्या केसात अडकलेलं केपरचं पान त्यानं हळूच काढलं. “तर... इथेच.”

त्या दिवसापासून मला ती पैज मनापासून जिंकायची होती.

आणि एका शुक्रवारी पहाटे ती आली. रात्रभर सिरोक्को घोंघावत होता. मी कळ्या खुडायला बांधावर चढले, तर समुद्रावर नारंगी धुरळा. लाटांना चाटत येत होता. पाहता पाहता पंख दिसायला लागले, काळे ठिपके, टोकाला पांढरे शिंतोडे... शेकडो, हजारो.

मागून पायवाटेवर पावलं वाजली. मी पळत सुटले आणि त्याला वळणाआडच गाठलं.

“इलारियो! पलीकडच्या तलावावर जा! मासेवाल्यांनी पाहिलं, थवेच्या थवे!”

“उत्तरेला?” त्याचे डोळे असे चमकले... माझ्या गालावर ओठ टेकवून त्यानं अगाताकाकूची सायकल उचलली आणि सुटला. एकदाही शंका घेतली नाही.

मग मी काय केलं? एप्रन सोडला आणि हाकलायला लागले. भाताच्या ताटावरच्या माश्या हाकलाव्यात तशी! “हुश्! चला पुढे! थांबू नका इथे!” ती माझ्या डोक्यावरून, काखेतून, दोन्ही काठ्यांमधून जातच राहिली. अगाताकाकू दारात खुर्ची टाकून बसली. मामा टोपी उडवत नाचला, “हरली! झीटा हरली!”

तो उन्हं कलताना परतला. दोन-चार चुकार फुलपाखरं काटेरी फुलांवर बसली होती.

“अरे, होतास कुठे?” अगाताकाकू म्हणाली. “ही पहाटेपासून एप्रनानं हाकलतेय त्यांना!”

इलारियो बांधावर बसला. “तलावावर एक बेडूक होता,” तो म्हणाला. “तो मोजला.” मग, “का, झीटा?”

सांगायचं होतं – तू जाऊ नयेस म्हणून. तीन-चार शब्द. पण मामा ऐकत होता, काकू ऐकत होती, आणि मी... मी झीटा होते ना!

“पैज हरायची नव्हती,” मी म्हणाले.

तो उठून काठ्या उपटायला लागला.

शनिवारी धक्क्यावर गर्दीतून वाट काढत मी त्याच्यापर्यंत पोचले. बाही धरली. “थांब ना. मला तू हवा आहेस.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, पिंपांच्या आड, कुणी लपलंय का ते पाहिलं. आणि हसला, पण ते दात दिसले नाहीत.

“आता यात कोण कोण सामील आहे?”

“कुणी नाही! शपथ!”

“बेडकाच्या वेळीही तू अशीच बोलली होतीस, झीटा. याच आवाजात.”

तेवढ्यात मामा बिशपला घेऊन आलाच. “चला, हरलेल्या बाई!” पोरांनी उचलून मला उलटं बसवलं, तोंड शेपटीकडे. हातात शेपूट. बोटीचा भोंगा झाला. सगळं गाव खिदळत होतं, आणि मी सवयीनं सगळ्यांना मुके फेकत होते.

बिशप चढ चढायला लागला. उलटी बसल्यामुळे माझ्यासमोर सगळा धक्का, सगळा समुद्र, आणि बोटीच्या कठड्याशी इलारियो. माझी धिंड पाहून तोही टाळ्या वाजवत होता.

चर्चचं दार आलं. मामानं दोर ओढला. “उतर. फिटली पैज.”

तिथून बोट अंगठ्याएवढी दिसत होती. वरच्या चौकातून अजून थोडा वेळ दिसली असती.

“उतरते कसली! मामा, अजून वर घे,” मी ओरडले. “अजून वर!”

गाव हसून लोटपोट झालं.