पाठमोरा मुलगा

म्युझियममधली कागदावरची चित्रं उजेडाच्या बाबतीत रेशनवर असतात. तीन महिने भिंतीवर, मग काही वर्षं अंधाऱ्या खोक्यात. उजेडानं शाई विटते आणि विटलेली शाई काही केल्या परत येत नाही. वेस्ट विंडसरजवळच्या त्या छोट्या म्युझियममध्ये जुने कागद दुरुस्त करणाऱ्या भावनाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या लोकांना तीच सांगायची, तेही चांगला दम देऊन.

"भावनामावशी, याचा लाइट संपलाय हं," स्टोअर सांभाळणारी मोना म्हणाली. "कडा चेक करून दे, मी आत टाकते."

बरोक काळातल्या, म्हणजे साडेतीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन चित्रकाराचं तळहाताएवढं रेखाटन. पाठमोरा बसून चपलेचा पट्टा बांधणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मान, खांदा, कोपर. तपकिरी शाईच्या चार फटकाऱ्यांत काम उरकलेलं. चेहऱ्यापर्यंत यायला चित्रकाराला सवडच झाली नव्हती.

ती मान भावनाच्या ओळखीची होती.

तिचा कुशल जाऊन वर्ष झालं होतं. मेंदूला सूज आली होती. हॉस्पिटलमध्ये तो भिंतीकडे तोंड करूनच पडून असायचा, उजेड अजिबात सोसायचा नाही त्याला. "आई, लाइट्स. प्लीज," एवढंच म्हणायचा. अंधारातच गेलं पोर. घरी तिचा नवरा अनुप रोज संध्याकाळी त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायचा, तेव्हा भावना स्वयंपाकघरात निघून जायची. फोटोतला कुशल हसत होता. तिला हवा होता तो शेवटचा चेहरा, जो तिला दिसलाच नव्हता.

त्या दिवशी कडा चिकटवताना टेबलावरचा दिवा बराच वेळ चालू राहिला. आवरताना तिला चित्रात कान दिसला. आपलेच डोळे थकलेत म्हणून तिनं चित्राचा, भिंतीवर लावण्याआधी काढलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. त्यात कान नव्हता.

खोकं मिटायला हवं होतं. तिनं ते उघडंच ठेवलं आणि दिवाही चालूच.

दुसऱ्या दिवशी गालाची रेघ आली. मग नाकाचं टोक. इकडे चप्पल विटून गेली, पाय फिके पडत चालले. "गोंद अजून ओला आहे गं," ती मोनाला थाप मारायची. आयुष्यभर केलेलं काम ती स्वतःच्या हातानं मातीत घालत होती आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. एकदा बघू दे रे, एकदाच.

शुक्रवारी दुपारी मोना दारात घुटमळली. "मावशी, आर यू ओके? सॉरी, पण मंडेला मी ते लॉक करतेय."

"कर," भावना म्हणाली.

मोना गेल्यावर तिनं दिवा खाली ओढला.

मुलगा पूर्ण वळला होता.

दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबलेले.

"अरे माझ्या राजा," तिला हुंदका आवरेना. "केला हं बंद. हा बघ, केला."

त्या खोलीला खिडकी नव्हती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

शाईला बोट लावायचं नाही, हाही तिचाच नियम. तिनं हातमोजा काढला. चाचपडत, अलगद, ते तळहात होते तिथं बोट टेकवलं.

तळहात नव्हते.

बोटाखालचा कागद उबदार होता. बोटाला लागून एक पापणी मिटली आणि पुन्हा उघडली.