चार हजार किलोमीटर हिरवे

"सर, ही सीट मुलींना नेमकी कुठं टोचते, ते तुमच्या यंत्राला माहितीये का?"

सावनी गांगुर्डेनं विचारून टाकलं एकदाचं! मैत्रिणींनी एका मिसळीची पैज लावली होती. आता त्याच मागं उभ्या राहून तोंडात रुमाल कोंबत होत्या. नाशिकच्या त्या सायकल प्रयोगशाळेत असलं काही आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण त्यांच्यातली अल्फिया जांघेत गळू होऊन दवाखान्यात पडली होती, आणि राज्य संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती.

यंत्रज्ञ आहेर सरांचे कान लाल झाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. खैरनार बाई मात्र खुर्ची ओढून बसल्या.

"सांगा की आहेर. पोरगी बरोबर विचारतेय."

"ही आकारबदली सीट," आहेर सर भिंतीला सांगू लागले. "आतले संवेदक दाब मोजतात. पण दाब म्हणजे दुखणं नव्हे. एकाला सोसतो, दुसऱ्याला नाही. म्हणून फेरी संपली की बटण दाबायचं. हिरवं म्हणजे आराम, लाल म्हणजे दुखलं. त्यावरून सीट आपला आकार बदलते."

"शिवाय सगळ्या सीटा एकमेकींकडून शिकतात," बाई म्हणाल्या. "ज्याचे किलोमीटर जास्त, त्याच्या शब्दाला वजन जास्त."

"पण अल्फिया तर रोज लाल दाबायची!"

दाबायची खरी. आहेर सर निकाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. 'लाल' म्हटलं की मुलं खिदळायची, आणि मुलीसुद्धा. सावनी सगळ्यात जोरात.

बाईंनी पडद्यावर नोंदी उघडल्या. अल्फियाच्या एकवीस लाल नोंदींपुढं यंत्रानं एकच शेरा मारला होता: 'अपवाद. दुर्लक्ष.'

"म्हणजे तिची सीट दुसरीच्याच आरामाप्रमाणं घडत गेली," बाई पुटपुटल्या. "चार हजार किलोमीटर, एकही लाल नाही. कोण गं ही लोखंडी पोर?"

नाव उमटलं. सावनी गांगुर्डे.

"वा! तुला बरी मऊ मिळाली!" मागून एकजण म्हणाली.

सावनीला वर बघवेना. तिची सीट पहिल्या दिवशी होती तशीच दगड होती. हिरवं दाबल्यावर ती बदलणार कशाला? रोज घरी जाऊन ती खोबरेल लावून पालथी पडायची.

"दुखायचं, बाई," ती कशीबशी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"मी मोठ्यानं वाचायला नको होतं," आहेर सर म्हणाले.

"माझ्या नोंदी पुसल्या तर सीटा सुधारतील?"

"आजच्या आज," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्याबरोबर तुझे किलोमीटरही जातील. निवडीला तीन हजार लागतात, सावनी."

संध्याकाळी बाबा चहा घेत होते. आई पोह्यांना फोडणी देत होती.

"आई, बाबा, मी माझ्या सगळ्या नोंदी मागे घेतेय. यंदा निवडीला मी नसेन."

"डोकं फिरलंय का?" बाबांनी कप खाली ठेवला.

"मी खोटं बोलले. ते खरं धरून यंत्रानं अल्फियाची सीट बनवली."

सगळं ऐकल्यावर आईनं आधी खिडकी लावून घेतली. "हळू बोल बाई! अर्जात कारण काय लिहिणारेस? ताप आला म्हणून लिही."

सावनीचा चेहरा भाजत होता.

"सीटवर दुखायचं आणि सांगायची लाज वाटायची, असंच लिहिलंय. खाली तुमची सही लागते, बाबा. उद्या सकाळी अर्ज देणार आहे मी."