निघाल्याची रिंग

वामनरावांनी घरचा फोन इंटरनेटवर घ्यायला होकार दिला, तो केवळ मुलीच्या हट्टापायी. रागिणी बंगळुरात होती. अमरावतीतली जुनी लाइन सारखी बंद पडे. नव्या जोडणीवर बापाशी हवं तेवढं बोलता येईल, असं तिचं म्हणणं. मृदाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले वामनराव, पण साधी वायर बदलायची तर तेच ते विचारत राहिले.

"नंबर तोच राहील ना?" त्यांनी जोडणी करायला आलेल्या वकारला पुन्हा विचारलं.

"काका, नंबर तोच, फोन तोच. फक्त रस्ता बदलला. किती खेप विचारसान?"

खरं कारण त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पत्नीचं, पार्बताबाईंचं माहेर चांदूर बाजारचं, संत्र्याच्या बागेतलं. तिकडे पोचल्या की तिथल्या फोन बूथवरून घरी दोन रिंगा देऊन फोन ठेवत. परतीच्या बसमध्ये चढण्याआधी एक रिंग. फोन उचलायचा नाही, समजायचं. ज्या वर्षी विहिरी आटल्या आणि भावानं वाळलेली झाडं जळणासाठी तोडायला काढली, त्या वर्षी त्या बाग शेवटची पाहायला गेल्या. दिवेलागणीला एक रिंग आली. पुढे बसही आली. बाई मात्र खिडकीला डोकं टेकवून गार पडल्या होत्या.

तेव्हापासून दिवेलागणीला फोन एकदा वाजे आणि थांबे. लाइनीचा दोष असेल, भास असेल. स्वतःच्या कानांवर वामनरावांचा भरवसा उरला नव्हता. पण ती निघाली आहे, एवढ्या आधारावर ते रोज दोघांचा चहा टाकत. रीत मोडू नये म्हणून फोन कधी उचलत नसत.

"आता तुमचा आवाज भरा," वकार म्हणाला. "तुमी घरी नसले तं हा डबा सोताच फोन उचलते आन् निरोप घेते."

वामनराव वाक्य जुळवत राहिले.

"बोला ना काका, भाषण नाई देनं!"

"वामनराव घरी नाहीत," ते घाईनं म्हणाले. "बाहेर गेले आहेत."

"मस्त! तुमाले धावपळ नको म्हणून पहिल्याच रिंगेवर ठेवलं," म्हणत वकारनं पिशवी उचलली आणि तो गेला.

अंधारून आलं. त्यांनी देवापाशी दिवा लावला. उदबत्तीच्या वासात संत्र्याच्या सालीचा कडवट वास मिसळला, की नुसतं वाटलं... फोन वाजला. एकदाच. मग डब्यात खट् झालं.

"वामनराव घरी नाहीत. बाहेर गेले आहेत."

डब्याच्या स्पीकरवर पलीकडचं बसचं इंजिन घरघरत होतं. बराच वेळ तेवढंच. मग दमलेला, पण खुशीतला आवाज आला.

"घरी नाई?... मंग मले न्यायले निघाले वाट्टे. थांबते मी इथंच... या तुमी."

"अगं, मी घरीच आहे!" त्यांनी रिसीव्हर ओढून घेतला. पलीकडे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली. फोन वाजला नाही. चहावर साय धरली. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला असावा. फोन खणाणला तसा त्यांनी पहिल्या रिंगेच्या आतच उचलला.

"बाबा, कुठे आहात?" रागिणी विचारत होती.

"कुठे म्हणजे? घरीच आहे."

"मग आत्ता दोन रिंगा कशाला दिल्यात? आपलाच नंबर होता. मला वाटलं, कुठेतरी पोचलात."

वामनरावांनी खोलीभर नजर फिरवली. दिवा, देव्हारा, दोन कप. सगळं जागच्या जागी.

"मी फोन केलाच नाही गं..."

"मोठ्यानं बोला, बसचा फार आवाज येतोय." मग तिचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला. "बाबा... 'खिडकीपाशी तुमी बसा', असं कोण म्हणतंय तुम्हाला?"

त्यांच्या पायाखालची फरशी हळूहळू घरघरू लागली होती.