सातवी खाच

नेमबाजी क्लबांमध्ये रायफली कशा सांभाळतात, यावर रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहायचा होता. म्हणून सोमवारी सकाळी मी फरीदाबादला गेले. क्लब एका बंद कारखान्याच्या मागे आहे. शस्त्रागार कृष्णात जगदाळे पाहतात. लष्करातले निवृत्त हवालदार, मूळचे कराडकडचे.

पोलादी तिजोरीत बारा खाचा, तळाला जाड लोकरी नमदा. रायफली दाटीनं उभ्या, एकीची नळी वर तर दुसरीची खाली.

"म्हणजे लाकडी दस्त्याला दस्ता लागत नाही, ताई," कृष्णात म्हणाले. "बोल्ट काढून वेगळ्या कपाटात. गोळ्या तिसरीकडे."

एवढ्यात अक्षता आली. वय एकोणीस. शनिवारी तिची निवड चाचणी होती आणि गेल्या वर्षी तिची संधी एका गुणानं हुकली होती. सातव्या खाचेतली आपली रायफल काढून ती उजेडात धरत, नेम साधायच्या साइटवर बोट ठेवत म्हणाली, "काका, फिरसे! साइट हललीय. दस्त्यावर पण नवीन घाव. शनिवारी असं झालं तर मी गेले, यार!"

"काकांना यार?"

"सॉरी. पण बघा ना!"

आठवड्यातली ही तिसरी खेप होती. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक कृष्णातांकडे, दुसरी क्लबच्या सचिव चेतना मॅडमकडे. कॅमेऱ्यात रात्रभर दार बंद दिसत होतं.

मी मोजायची टेप मागितली. खाच नऊ सेंटिमीटर रुंद, रायफल सहा. दोन्ही बाजूंना जागा उरत होती. वहीत लिहिलेलं 'दाटी' हे कारण मी खोडलं.

लेख बुधवारी द्यायचा होता, तो वेळेत दिला. तरी मी रोज जात राहिले.

मंगळवारी संध्याकाळी अक्षताची रायफल सातव्या खाचेत उलटी ठेवली, दारावर कागद चिकटवून आम्ही तिघांनी सह्या केल्या. बुधवारी सकाळी कागद शाबूत होता. रायफलीवर नवा घाव होता. तो दस्त्यावर नव्हता, नळीवर होता. मी जमिनीपासून उंची मोजली. एकसष्ट सेंटिमीटर. नंतर जुन्या घावाची मोजली, रायफल सुलटी उभी करून. एकसष्ट.

त्या संध्याकाळी तिथं क्लबची एक जुनी रायफल ठेवली. गुरुवारी तिलाही घाव. तेवढ्याच उंचीवर.

"रायफलीचा दोष नाही," मी म्हणाले. "जागेचा आहे."

कृष्णात खाचेकडे बघत म्हणाले, "पलटणीत प्रत्येकाची जागा ठरलेली असायची, ताई. दुसऱ्याच्या जागी आपली रायफल लावली, की तो आल्यावर ढकलणारच."

"इथं कोण येतं?"

"ते मला विचारू नका."

अक्षता हसली नाही. "काका, माझी दुसरीकडे ठेवा ना. प्लीज."

शुक्रवारी त्यांनी आठव्या खाचेतली दुसरी एक रायफल दुरुस्तीला पाठवली आणि त्या जागी अक्षताची ठेवली. सातवी मोकळी सोडली. पुन्हा कागद, पुन्हा सह्या.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही दार उघडलं. कागद जसाच्या तसा होता.

अक्षतानं दस्त्यावरून बोट फिरवलं. साइट तपासली. पुन्हा तपासली.

"काहीच नाही! चलो काका, आशीर्वाद द्या."

"नीट श्वास घे. घाई करू नकोस," कृष्णात म्हणाले. ती रायफल पेटीत घालून गेली.

मग त्यांनी रोजचं काम सुरू केलं. तेलाचं फडकं घेऊन पहिल्या खाचेपासून एकेक नळी वरून खाली पुसायची. पाचवी झाली. सहावी झाली.

मोकळ्या सातव्या खाचेशी त्यांचा हात थांबला नाही. सवयीनं तो वरून खाली फिरला.

त्यांनी फडक्याकडे बघितलं. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

फडकं काळंकुट्ट झालं होतं. गोळ्या झाडल्यावर नळीला येतो, तसा वास त्याला येत होता.

कृष्णातांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. दुसरं घेऊन त्याच जागी पुन्हा वरून खाली फिरवलं.

तिसरं फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं.